खाशा रांजणाची आणि दहा तांबे पाण्याची बखर

पायाखालच्या भुईस दंडवत. वरल्या आभाळास दंडवत. आणि या दोहोंच्या मध्ये जे पोट, ज्याच्यापायी ही सारी उठाठेव, त्यासही एक दंडवत. शके सतराशे एकवीस, सिद्धार्थी नाम संवत्सर, आषाढ मास, ते समयापासोन या राज्यात जे वर्तले ते चाकर लिहितो. राज्याचे नाव लिहू नये ऐसी आज्ञा आहे. चाकराचे नाव कोणी विचारिले नाही. तीस साले चिटणिशी केली, कंबर गेली, डोळे गेले, आता खोटे लिहिण्याचाही कंटाळा आला, सबब खरे लिहितो.

त्याचे पूर्वी दोन साले राज्यात बुळकांडीचा रोग आला आणि गुरे मेली आणि गोठे ओस पडले, आणि गुरे नाहीत म्हणोन शेण नाही, आणि शेण नाही म्हणोन खत नाही, मग जोंधळा वीतभर वाढोन पिवळा पडू लागला. अनुष्ठाने जाहली, नवस जाहले, जमिनीने दाद दिली नाही. ऐशा समयी गडाखाली ओढ्याकाठी आवडा माळीण म्हणोन एक बाई होती, नवरा मरोन सात साले जाहली, पदरी दोन लेकी, पाऊण बिघ्याच्या मळ्याखेरीज आधार नाही, तिच्या मळ्यात मात्र वांगी ऐसी लगडली की झाड वाकले. हे वर्तमान हुजुरात पावले आणि अवधूतपंत कारभारी यांणी बाईस बोलाविले आणि महाराज सिंहासनी असता पुसिले की, "तुझ्या घरी गुरे नाहीत, मग हे पीक कशाने?"

आवडा अदबीने उभी राहिली आणि म्हणाली, "म्या लपवून कशाला ठिवू? आमी तिघी मायलेकी मडक्यात मुततो. मडक्याचं तोंड बांधून धा-पंधरा रोज ठिवायचं. मग एका तांब्याला धा तांबं पाणी घालायचं आन् मुळाकडंच्या मातीत सोडायचं. पानावर न्हाई. माझ्या सासूनं दावलं. इतकंच हाय."

सभेत कोणी नाकास पदर लाविला, कोणी मिशीत हासले. महाराज वृद्ध, उभी हयात समारंभात गेलेली, त्यांणी जांभई आवरिली आणि बोलिले, "राज्यात सर्वांपाशी जे आहे आणि ज्यास पैका पडत नाही, ते वाया का घालवावे? करा." इतुकी सोपी आज्ञा या चाकराने तीस सालांत दुसरी लिहिली नाही, आणि तेव्हाच भय वाटले.

मग जे व्हावयाचे ते जाहले. आज्ञापत्रात मूत लिहावे की लघवी लिहावी यावर चार दिवस खल जाहला आणि अखेर 'जल' ऐसे लिहिले. मग दारोदारी मडकी बसली, सरदारांची वेशीपाशी ओळीने बसली, आणि मग मडक्यांचा मान निघाला. सरदार रवळोजीराव म्हणाले, आमचे मडके वेशीच्या उजवे हातास पाहिजे. दुसरे म्हणाले, आमच्या वडिलांपासोन उजवा हात आमचा. एकाने आपल्या मडक्यावर शेला घातला, मग सर्वांनी शेले घातले. चाकर रोज सकाळी ओळ लावी आणि रोज संध्याकाळी ओळ मोडे. रयतेने मात्र काही न बोलता एकास दहा पाणी घालोन आपापल्या वावरात सोडिले आणि रयतेचा जोंधळा श्रावणात कमरेस लागला.

श्रावण वद्य पंचमीस महाराजांच्या जलाचा खासा रांजण निघाला. रांजणास चांदीचे झाकण, वर छत्र, पुढे शिंग, मागे मानकरी, ऐसा थाट करोन तो गडाखाली महाराजांच्या खासगीच्या शेतात आणिला. आवडा बांधावर उभी होती, ती म्हणाली, "आता धा तांबं पाणी घाला." तेव्हा शिंगवाला थांबला आणि सारे अवधूतपंतांकडे पाहू लागले. पंतांनी विचारिले, "महाराजांच्यात पाणी कोण घालणार? नाव सांगावे, म्हणजे लिहून ठेवितो." कोणी नाव सांगेना. बाई कळवळोन म्हणाली, "आवो, जळंल की समदं! मिठावानी असतंय ते." पंत म्हणाले, "रयतेचे जळत असेल. हे खासे आहे." मग खासे निर्जळी शेतात ओतिले. ते पाहोन रवळोजीराव आदिकरून सर्व सरदारांनी आपापल्या शेतात पाणी वर्ज्य केले, हेतू की आमचे पातळ ऐसे कोणी म्हणू नये.

आठ दिवसांत खासगीचे शेत करपले. सरदारांची शेतेही करपली. रयतेची हिरवी राहिली, हे सर्वांनी पाहिले आणि कोणी बोलिले नाही. महाराजांचे जहाल निघाले ऐसे म्हणावे तर जीभ जाते, सरदारांचे म्हणावे तर तलवार निघते, मग दोष ठेवावयास एक आवडा उरली. ठराव जाहला की, बाईने विद्या अपुरी सांगितली, सबब खासगीच्या शेतात रब्बीचा जोंधळा पेरावा, आणि तो कार्तिक अखेर हिरवा न दिसल्यास बाईचा मळा जप्त करावा. हा ठराव या हाताने लिहिला. बाई कचेरीच्या पायरीवर येऊन बसली, रडली नाही, इतुकेच म्हणाली, "चिटणीसकाका, म्या सांगितलं व्हतं न्हवं? मळा गेला तर लेकींना घिऊन म्या कुठं जाऊ?" घरी परसात चाकराचा तोंडलीचा वेल होता, त्यास दहा तांब्यांचे माप चाकर स्वतः घालीत असे, आणि तो वेल कौलांवर चढला होता, याची लाज वाटली.

तीन दिवस अन्न गोड लागले नाही. मग चौथे दिवशी सुचले आणि चाकर अवधूतपंतांकडे जाऊन बोलिला की, "महाराजांच्यात पाणी घालणे हा अपराध खरा. परंतु महाराजांस नजराणा म्हणोन पाणी नजर करणे हा तो सेवकाचा धर्म. खासे जल एक तांब्या निघाले की दहा मानकरी पुढे होऊन एकेक तांब्या पाणी नजर करितील." पंतांनी डोळे मिटिले, उघडिले आणि म्हणाले, "हे आम्हांस आधीच सुचले होते." मग आश्विनात पेरणी जाहली, रोपे हातभर होताच घंगाळ मांडिले आणि दहा मानकरी दोन दिवस उन्हात वाकोन पाणी नजर करीत राहिले. पहिला तांब्या कोणाचा यावर तलवारी अर्ध्या निघाल्या आणि कंबरा दुखत होत्या म्हणोन पुनः म्यानात गेल्या. कार्तिकात खासगीचे शेत ऐसे हिरवे जाहले की लोक पाहावयास येऊ लागले. अवधूतपंतांस पालखी जाहली, दहा मानकऱ्यांस दहा कडी जाहली. आवडाचा मळा वाचला, हेच तिचे बक्षीस ऐसे ठरले. तिने चाकरास चार वांगी आणोन दिली आणि चाकराने तीस सालांत घेतलेली तेवढीच लाच.

येथे बखर संपती तर बरे होते. मार्गशीर्षात एके दिवशी दोन प्रहरी महाराज कंटाळोन, शिंग नाही, छत्र नाही, या चाकरास काठीसारखा सोबत घेऊन ओढ्याकाठी उतरले आणि आवडाच्या बांधावर बसले. पुसिले, "तू तुझ्यात पाणी किती घालितेस?" ती म्हणाली, "धा तांबं." महाराज म्हणाले, "आणि आमच्यात किती घालावे?" ती म्हणाली, "धाच की, म्हाराज. आपलं काय न् आमचं काय." महाराज खळखळोन हासले. मग म्हातारपण, ते बाईचे मडके मागोन घेऊन आंब्याआड गेले आणि परत आले आणि म्हणाले, "घाल." बाईने दहा तांबे मोजोन घातले, महाराजांनीही तोंडाने मोजिले, आणि वांग्यांच्या एका ओळीत ते स्वहस्ते सोडिले. वर चढताना म्हणाले, "चिटणीस, आज बरे वाटले." चाकरासही बरे वाटले, ते लपवीत नाही.

दुसरे दिवशी अवधूतपंतांस हे कळले. सभेत बोलिले की, "ज्या भूमीवर महाराजांनी स्वहस्ते खासे जल सोडिले, ती भूमी रयतेची कैसी राहील? तेथे रयतेने वांगी तोडावी, हे शोभते काय?" महाराज म्हणाले, "अहो, आम्ही नुसते लघवीस गेलो होतो." पंत हात जोडोन म्हणाले, "महाराजांचे नुसते काही नसते." सभा एकमुखे धन्य धन्य म्हणाली. महाराजांनी चाकराकडे पाहिले. चाकराने खाली पाहिले, कारण नजर करण्याची युक्ती ज्याने शिकविली त्याने तोंड कोणत्या तोंडाने उघडावे? मग महाराज थकले आणि म्हणाले, "रिवाज असेल तसे करा."

रिवाजाप्रमाणे मळा खासगीत जमा जाहला, भोवती कुंपण घातले, मधोमध ओटा बांधोन ते मडके वर ठेविले, छत्री लाविली आणि दोन पहारेकरी नेमिले. वांगी तोडण्यास मनाई, सबब ती झाडावरच पिकोन किडली. पाणी घालण्यास माणूस नेमावा तर त्याचा मान कोणाचा हा तंटा लागला, तो अद्याप चालू आहे. होळीपर्यंत मळा वाळोन कोळ झाला. बाईस एक साडी आणि 'मळा धन्य जाहला' ऐसे पत्र मिळाले. ते पत्र या हाताने लिहिले, अक्षर बरे आले नाही.

पाडव्याच्या सुमारास आवडा दोन लेकींसह चाकराच्या दारी आली. डोईवर रोपांची पाटी, काखेत रिकामे मडके. म्हणाली, "काका, तुमच्या परसात चार हात जागा हाय का?" चाकर म्हणाला, "आहे. पण एक कबूल कर. माझे घर कोणास दाखवू नकोस, आणि थोरामोठ्यांस पिकाची रीत सांगू नकोस." ती म्हणाली, "आता न्हाई चुकणार." आणि पाटी उतरवोन माती उकरू लागली.

तात्पर्य एवढेच की, भुईस कोणाचेही चालते आणि माप एकच लागते. ज्येष्ठात परसातील वांगी धरली. मडके एक आहे, त्यात तिघी मायलेकींचे आणि एका म्हाताऱ्या चिटणिसाचे आहे, आणि दहा तांबे पाणी आता चाकर स्वतः घालितो, विहिरीवरोन आणिताना दोनदा बसतो. लेखनसीमा.