जिभेला विचारून जेवणारे दगाजीआप्पा

माणसं देवाचं नाव घेऊन पहिला घास खातात. आमचे दगाजीआप्पा पहिला घास खाऊन डोळे मिटायचे आणि एक बोट वर करायचे. "थांबा मास्तर, जिभले इचारू द्या."

जीभ काही लवकर उत्तर द्यायची नाही. तोवर माझ्या वाटीतला रस्सा निवायचा आणि शेवेचा लगदा व्हायचा. नंदुरबारला स्टेशनजवळ छगनकाकांची खानावळ होती. तिथली शेवेची भाजी खायला बाजारच्या दिवशी ही झुंबड! तासभर उभं राहावं तेव्हा बाकावर जागा मिळायची, आणि जागा मिळाली की आप्पांची समाधी लागायची. समाधी त्यांची, पण मागे ताटकळलेल्या लोकांच्या शिव्या मला.

आप्पा तापीकाठचे मोठे कास्तकार. डोक्याला पांढरा रुमाल, भरघोस मिशा. मी शेजारच्या गावचा शाळामास्तर. एका पावसाळ्यानंतर दर बाजाराला त्यांची बैलगाडी माझ्या दारात उभी राहायला लागली. "चला मास्तर, एक जीभपेक्षा दोन बऱ्या."

डोळे उघडले की पंचनामा सुरू. "आज लवंग शे. मांगला बाजारले नव्हती. बरोबर शे ना?"

मला काय कळतंय डोंबल! मी आपला भाकरी कुस्करत 'हो' म्हणायचो.

छगनकाका मसाल्याचा पत्ता लागू देत नसत. "आप्पा, रस्सा मांगा, भाकर मांगा. मसाला नका मांगा, ते मन्हं पोट शे."

एकदा तर कहरच झाला. आप्पांना वाटीत एक तपकिरी काडी सापडली. झालं! "हाई शे खरी चीज!" म्हणत त्यांनी ती उपरण्याच्या टोकाला बांधली आणि मला घेऊन बाजारातली सगळी किराणा दुकानं पालथी घातली. शेवटच्या दुकानदारानं काडी नाकाशी नेली आणि पोट धरून हसला. ती नारळाची शेंडी होती. आप्पा मात्र गंभीरपणे म्हणाले, "म्हनजे खोबरं शे, इतलं तरी समजनं."

'यांच्या बायकोच्या हाताला चव नसेल,' असं माझी बायको म्हणायची. मलाही तेच वाटायचं. एका बाजाराला सकाळपासून मी उपाशी होतो, त्यात आप्पांचं बोट वर. मी भडकलो. "आप्पा, घरी वहिनी इतक्या खपतात, त्यांच्या हातचं गोड मानून घ्या की! ही कसली थेरं?"

आप्पांनी बोट खाली घेतलं. भराभर जेवले आणि उठले. पुढच्या बाजाराला गाडी आली नाही, आणि त्याच्या पुढच्यालाही नाही. उगाच बोललो, म्हणून माफी मागायला त्यांच्या गावी गेलो.

पाहतो तर काय, आप्पा चुलीपुढे उकिडवे! मिशांना राख, हातात पळी. दाराशी बाजेवर वहिनी. नुसता हाडांचा सापळा.

"कांदा करपी ऱ्हायना! ध्यान कोठे शे?" वहिनींचा आवाज तेवढा शाबूत होता.

आप्पा मला बाजूला घेऊन हळूच म्हणाले, "हिवताप गया, पन तोंडनी चव लई गया. गूळ दे, मिरची दे, तिले समदं मातीसारखं लागस. दोन महिना व्हयनात, पोटमा अन्न नही. एक दिवस म्हने, लोके ती शेवनी भाजी वाखानतस, ती खासू. पन बाहेरन्या चूलनं ती जल्ममा खाये ना. मंग काय करू? चव जिभवर बांधी आनस, आठे उतारस."

मी मान खाली घातली. मला माझीच लाज वाटली.

आप्पांनी ताट वाढलं आणि समोर बसले. वहिनींनी एक घास घेतला. आप्पा पळी हातात धरून पुढे वाकले, मीही. वहिनींनी कपाळाला आठ्या घातल्या.

"मीठ कमी शे."

आप्पा ताडकन उठले. "मास्तर, ऐकं का? तिले मीठ समजनं!" डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि पुसायची शुद्ध नव्हती. पळी हातात तशीच घेऊन ते ओट्यावर धावले आणि शेजारच्या दारांवर थापा मारत सुटले. "तिले मीठ समजनं!"

इकडे वहिनींनी दुसरी भाकरी ओढली आणि ओरडल्या, "अहो, आधी मीठ तर आना!"