विहीणबाईंची लाथ आणि सांध्यातला वायू

मनुष्याला कंबर दिलेली आहे ती वाकण्यासाठी. वाकल्यावर सरळ व्हायचे की नाही, हा निर्णय मात्र ती स्वतः घेते, आणि तो घेताना समोर कोण उभे आहे हे पाहत नाही. श्री. दामोदर आठल्ये यांच्या कमरेने तो निर्णय चिकपेटेत, भर दुकानात, होणाऱ्या व्याह्यांसमोर घेतला. मुलीच्या लग्नाला तेव्हा बावीस दिवस उरले होते.

दामोदरराव बेंगळुरातल्या एका सरकारी संशोधन संस्थेत बेअरिंग विभागाचे प्रमुख. यंत्राच्या बेअरिंगमधून आवाज आला तर तो का आला, हे सांगणे एवढेच काम त्यांनी एकतीस वर्षे निष्ठेने केले. (उत्तर बहुधा 'वंगण कमी पडले' असे असे, पण ते साठ पानांत द्यावे लागे.) त्यांची मुलगी ऋचा हिने लग्न जमवले ते चिकपेटेतल्या कापडाच्या घाऊक व्यापाऱ्याच्या मुलाशी, ऋतुराजशी. हे घराणे साडेतीनशे वर्षांपूर्वी इकडे आले आणि परत जायचे राहून गेले. दोन्ही घरे मराठी असल्यामुळे एकमेकांची भाषा कळायला सुरुवातीला थोडा वेळ लागला.

त्या दिवशी मानपानाच्या साड्यांचा गठ्ठा उचलायला दामोदरराव वाकले. गठ्ठ्याचे वजन साडेचार किलो. (हे नंतर मोजण्यात आले.) कमरेतून 'कट्' असा आवाज आला आणि ते काटकोनात थांबले. समोर व्याही, म्हणजे नागोजी, उभे होते. वरपक्षाचे असल्यामुळे त्यांनी तो नमस्कार समजून मोठ्या मनाने स्वीकारला. दोन मिनिटे झाली तरी नमस्कार संपेना, तेव्हा त्यांना शंका आली.

उसण भरलेली पाहून नागोजींनी ताबडतोब तोडगा सुचवला. त्यांची पत्नी सकवारबाई, जिला सारी पेठ अक्का म्हणते, पायाळू होती. जो जन्मताना आधी पाय बाहेर काढतो त्याने कमरेत हलकी लाथ मारली की उसण जाते, हे शास्त्राला अद्याप ठाऊक नसले तरी चिकपेटेला ठाऊक आहे. पेठेतले हमाल, शिंपी आणि दोन बँक मॅनेजर यांना अक्कांच्या लाथेने गुण आलेला होता. "स्वल्प पालथे पडा, अण्णा," नागोजी म्हणाले. "एक लाथ, की सरी होतं." (सरी म्हणजे ठीक.)

दामोदररावांनी वैज्ञानिक दृष्टिकोनातून नकार दिला. दृष्टिकोन वैज्ञानिक होता हे खरे. पण मुलीच्या सासूची लाथ लग्नाआधीच खावी काय, हा प्रश्नही त्यात मिसळलेला होता. त्यांच्या पत्नी प्रतिमाताई यांचे मत असे पडले, की नंतर खाण्यापेक्षा आधी खाल्लेली बरी.

ऋचा मारतहळ्ळीच्या एका संगणक कंपनीत काम करते. तिच्या मजल्यावरच्या एकशे चाळीस माणसांपैकी एकशे एकोणचाळीस जणांची कंबर दुखते. (एकशे चाळिसावा नव्याने रुजू झालेला आहे.) ते सगळे कायरोप्रॅक्टरकडे, म्हणजे हातांनी मणके मोकळे करून देणाऱ्याकडे जातात. तिने वडिलांना अनुषा नावाच्या बाईंची वेळ घेऊन दिली. अनुषा परदेशात रीतसर शिकून आलेली होती. तिच्यात एकच दोष होता. ती विचारले ते खरे सांगे.

पहिल्याच दिवशी फॉर्मवर 'दुखणे किती, शून्य ते दहा' या रकान्यात दामोदररावांनी '६.४, अधिक-उणे ०.३' असे लिहिले. मग विचारले, की कोणता मणका जागचा हलला आहे. (संभाषण इंग्रजीत झाले, कमरेला भाषेचा आग्रह नसतो.) ती म्हणाली, कोणताही नाही. मणका खरोखर हलला असता तर तुम्ही लिफ्टने वर आला नसतात.

तिने त्यांना कुशीवर वळवले, एक गुडघा दुमडला, खांदा एका दिशेला आणि कंबर दुसऱ्या दिशेला धरली, आणि झटका दिला. 'कट्' झाले. दामोदररावांच्या चेहऱ्यावर असे समाधान पसरले, की जणू पदोन्नतीचा कागद आला आहे.

मग अनुषाने खुलासा केला. मणक्यांच्या मागच्या बाजूला छोटे छोटे सांधे असतात, त्यांत वंगणासारखा द्रव असतो. झटक्याने सांधा जेमतेम मिलिमीटरभर फाकतो, आतला दाब एकदम उतरतो, द्रवात वायूची पोकळी तयार होते आणि आवाज येतो. हाड जागेवर बसल्याचा तो आवाज नव्हे, कारण हाड कुठे गेलेलेच नसते. झटक्याने काही काळ स्नायू सैल होतात, दुखणे थोडे कमी भासते, हलायची भीती जाते. तेवढ्या वेळात चालून घ्यायचे. फायदा व्यायामाइतकाच, फार जास्त नाही. आणि बहुतेक उसणी काही आठवड्यांत आपल्याआपच जातात.

द्रवातली वायूची पोकळी हा दामोदररावांच्या पीएच.डी.चाच विषय. त्यावर त्यांनी तीनशे बारा पाने लिहिली होती. त्यांना सारे तत्काळ समजले, पटले, आणि त्यांनी विचारले, की पुढच्या वेळी आवाज दोनदा काढता येईल का.

पुढच्या दोन आठवड्यांत सहा भेटी झाल्या. दामोदररावांनी वहीत नोंद ठेवली. एकूण आवाज सतरा. पैकी कमरेचे अकरा, मानेचे तीन, टेबलाचे दोन आणि एक शेजारच्या खोलीतल्या गृहस्थांचा, जो चुकून जमेस धरला गेला होता. कमरेच्या अकरांतलेही सगळे जिथे दाबले तिथूनच आले असे नाही. अनुषा चौथ्या मणक्यावर दाबे आणि आवाज कधी तिसऱ्यातून येई. अर्ज एका खिडकीत द्यावा आणि शिक्का दुसऱ्या खिडकीत मिळावा, तसे हे असल्यामुळे सरकारी नोकरीतल्या माणसाला त्यात वावगे वाटले नाही.

चौथ्या भेटीत आवाज आलाच नाही. दुखणे त्या दिवशी आजवरचे सर्वांत कमी होते, ३.८, तरी दामोदरराव खिन्न झाले. त्यांनी पुन्हा झटका द्यायची विनंती केली. अनुषाने नकार दिला. "आवाज हा उपचार नाही, सर," ती म्हणाली. "काम झालंय. आता खाली जाऊन दोन चकरा मारा." असले बोलणे रुग्णाने किती सहन करावे. तिच्या बाहेरच्या खोलीत खुर्च्या नेहमी मोकळ्या मिळत, याचे कारण दामोदररावांना तेव्हा कळले. समोरच्या इमारतीत 'आवाजाची खात्री' अशी पाटी होती आणि रांग जिन्यापर्यंत आलेली होती.

वहीवरून त्यांनी आलेख काढला. दुखण्याची रेघ रोज थोडी थोडी उतरत होती. भेटीच्या दिवशी उतरत होती, भेट नसलेल्या दिवशीही उतरत होती, आणि अनुषा गावाला गेली त्या रविवारी तर जरा जास्तच उतरली होती. एकतीस वर्षे आलेख वाचलेल्या माणसाला त्याचा अर्थ न कळणे शक्य नव्हते. त्यांनी तो घडी करून कपाटात ठेवला.

लग्नाला पाच दिवस राहिले तेव्हा प्रतिमाताईंनी त्यांची पाटावर बसण्याची चाचणी घेतली. अकरा मिनिटे टिकले. भटजींच्या अंदाजाने विधींना पावणेदोन तास लागणार होते. भटजी स्वतः उदार होते; कन्यादान खुर्चीवर बसून केले तरी पुण्य तेवढेच, असे त्यांनी सांगितले. ऋचाही म्हणाली, "बाबा, खुर्ची चालेल." ती हे इतक्या समजूतदारपणे म्हणाली, की दामोदररावांना ते लागले. मुलगी चार वर्षांची असताना रोज रात्रीचे जेवण त्यांच्या मांडीवर बसून जेवायची. त्या मांडीने आयत्या वेळी खुर्ची मागावी, हे त्यांना सहन होईना. त्यांनी प्रतिमाताईंना चिकपेटेत फोन लावायला सांगितले.

यानंतर ज्या वाटाघाटी झाल्या त्या दोन्ही घराण्यांच्या लौकिकाला साजेशा होत्या. वधूपित्याला वरमाईने लाथ मारणे हे मानपानात कोणत्या बाजूला धरायचे, यावर एक पूर्ण दिवस गेला. लाथेनंतर वधूपित्याने पायांना हात लावून नमस्कार करायचा की वरमाईने लाथ लागली म्हणून करायचा, असाही मुद्दा निघाला. (दोघांनी एकाच वेळी करावा असे ठरले, वधूपित्याला वाकता येत नसल्यामुळे त्याचा मानसिक धरावा.) भटजींना विचारले असता शास्त्रात निषेध आढळत नाही असे उत्तर आले, कारण शास्त्रकारांना ही शक्यता सुचलेली नव्हती. फोटो काढू नयेत, यावर मात्र लगेच एकमत झाले.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी सर्वजण नागोजींच्या घरी जमले. आतल्या खोलीत चटई घातली होती. बाहेर दोन्हीकडचे मिळून सतरा नातेवाईक कान देऊन बसले. दार लोटून सकवारबाई आत आल्या. सत्तरीला टेकलेली, बारीक चणीची बाई. दामोदरराव पालथे पडले आणि वाट पाहू लागले. बराच वेळ काही झाले नाही. मग त्या चटईशेजारी खाली बसल्या.

"अण्णा, एक सांगते, बाहेर बोलू नका," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "मी पायाळू नाही. पायाळू माझी थोरली अक्का होती. ती गेली, तरी लोक दारात यायचे. कुणीतरी म्हणालं, धाकटीचा पाय चालेल. चाळीस वर्षं झाली. दुसऱ्यांचं ठीक आहे. तुम्ही पोरीचे वडील, तुम्हाला कसं फसवू?"

दामोदरराव पालथेच होते. त्यामुळे त्यांच्या चेहऱ्यावर काय उमटले हे कोणी पाहिले नाही. कपाटातला आलेख त्यांना आठवला. ते म्हणाले, "विहीणबाई, तुम्ही मारा."

त्यांनी मारली. मांजर हलकेच बाजूला सारावे इतपत. आवाज काहीच झाला नाही. बाहेरून नागोजींचा प्रश्न आला, की झाले का. सकवारबाईंनी दाराकडे पाहिले. चाळीस वर्षांत इतकी माणसे कान लावून कधी बसली नव्हती. तेव्हा दामोदररावांनी दोन्ही हातांची बोटे एकमेकांत गुंतवून जोरात मोडली. बोटांच्या सांध्यांतही तोच द्रव आणि तोच वायू असतो. बाहेरच्या सतरा जणांनी एकदम सुटकेचा श्वास सोडला, तो आत ऐकू आला.

लग्नात दामोदरराव पाटावर एक तास पन्नास मिनिटे बसले. कन्यादानाच्या वेळी ऋचाचा हात हातात घेऊन पुढे झुकले, आणि सरळही झाले. डोळ्यांत पाणी आले ते कमरेमुळे नव्हते. बावीस दिवस पुरे झाले होते, एवढे एकच कारण आलेखात बसत होते. पण आलेख कोणी मागितला नाही.

जेवणाच्या वेळी संस्थेतल्या आठ शास्त्रज्ञांनी त्यांना गराडा घातला आणि इतक्या लवकर बरे वाटले ते कशाने, हे विचारले. दामोदररावांनी आयुष्यात कधी खोटा निष्कर्ष दिला नव्हता. त्यांनी एकदा पंक्तीत वाढत असलेल्या सकवारबाईंकडे पाहिले, आणि म्हणाले, "लाथेने." आठांपैकी पाच जणांनी ती कुठे मिळते हे विचारले आणि आपापले मोबाइल काढून नागोजींच्या दुकानाचे नाव लिहून घेतले. उरलेले तिघे बुद्धिवादी असल्यामुळे त्यांनी ते पाचांकडून नंतर घेतले.

अनुषाला आमंत्रण होते आणि ती दोन पावलांवर उभी राहून हे ऐकत होती. दामोदररावांना मेल्याहून मेल्यासारखे झाले. ते खुलासा करू लागले, तो तिने थांबवला. दिवसभर टेबलावर वाकून दुसऱ्यांच्या पाठी मोकळ्या करता करता दोन वर्षांपासून तिची स्वतःची कंबर धरली होती. व्यायाम करत होती, चालत होती, जे इतरांना सांगे ते सगळे करत होती.

"सर, मला सगळं माहीत आहे," ती म्हणाली. "पण माझी कंबर दुखते. अक्कांची ओळख करून द्या."

त्यांनी करून दिली. वरपक्षाच्या खोलीचे दार लोटले गेले, आणि संस्थेच्या बेअरिंग विभागाचे प्रमुख बाहेर राखणीला उभे राहिले. दहा मिनिटांनी ती हसत बाहेर आली. आत काय झाले, आणि कोणी कोणाला काय सांगितले, हे दोघींपैकी कोणी सांगितलेले नाही. सोमवारपासून ती स्वतःच्या रुग्णांपैकी जे फारच आवाजाचा आग्रह धरतात त्यांना चिकपेटेत पाठवते.

सुज्ञ वाचकांच्या आतापर्यंत ध्यानात आलेच असेल, की सांध्यातला आवाज हा निव्वळ वायू आहे, हाड कुठे जात नाही आणि येत नाही, झटक्याचा उपयोग बेताचाच आहे, बाई पायाळू नाहीत, आणि बहुतेक कंबरा आपल्याआप बऱ्या होतात. हे सारे पटूनही ज्यांनी वर जाऊन दुकानाचे नाव कुठे दिले आहे का हे पाहिले, त्यांच्यासाठी खुलासा करण्यात येतो, की ते मुद्दाम दिलेले नाही. तुमच्या आधीच्या वाचकांची रांग अजून संपलेली नाही.