ओव्हनची मोटर आणि आत्याचा शनी

ऐक, मधे बोलू नकोस, नुसतं ऐक! आपल्या दुर्बिण्यानं दुर्बिणीची बैठक घरीच बनवली. दोन फळ्या, एक बिजागरी, मधे लांब स्क्रू. स्क्रू हळूहळू फिरवला की दुर्बीण आकाशाच्या मागोमाग सरकते. उचला, कुठेही न्या! प्रश्न एकच, स्क्रू फिरवणार कोण? मोटर हवी.

आणि हवी म्हणजे हवीच. आत्याला शनीची कडी बघायची होती. दुर्बिण्याला पहिलं भिंग तिनंच दिलेलं. पण तिचे गुडघे असे, की "आई गं" करत ती वाकेपर्यंत शनी पसार! त्यात सकाळच्या गाडीनं ती निघणार.

"मोटर निवडावी तर मीच!" दुर्बिण्या म्हणाला. ड्रिलची लावली तर दुर्बिणीची भिंगरी होईल. भिंतीवरच्या घड्याळाची? मुंगीला म्हणायचं, हत्ती ओढ! मग नजर गेली मायक्रोवेव्ह ओव्हनवर. आतली ताटली कशी निवांत फिरते, जेवून शतपावली करणाऱ्या माणसासारखी. काढली मोटर, दातेरी चाकं जोडून आणखी संथ केली!

तिला घरचीच वीज लागते. मग 'कुठेही न्या' बैठकीला तीन एक्स्टेन्शन बोर्डांचं शेपूट, स्वयंपाकघरापासून गच्चीपर्यंत! अंधार पडला, शनी सापडला, बटण दाबलं. आत्या वाकली.

"अरे, इथे काहीच नाही!"

शनी पश्चिमेला, दुर्बीण पूर्वेला! बंद करून पुन्हा लावली, तर बरोबर चालली. परत शनी धरला, बटण दाबलं, परत उलटी!

"बाळा, तुम्ही दोघं एकदा ठरवा कुठे जायचं ते. माझे गुडघे भाड्याचे नाहीत!"

तेवढ्यात वायरीचा माग काढत बाबा वर. हातात ताट.

"एका घासानं जीभ भाजली, दुसऱ्यानं दात वाजले! ओव्हनला काय केलंस?"

दुर्बिण्यानं सगळं कबूल केलं.

"गाढवा, ती मोटर कुठल्या बाजूला फिरायचं ते दर वेळी स्वतःच ठरवते! मी रोज बघतो. जेवण गरम होईपर्यंत दुसरं काम काय असतं मला?"

मग त्यांचं लक्ष आत्याकडे गेलं. गुडघे चोळत बसली होती. बाबांनी ताट खाली ठेवलं, मोटर खेचून काढली, मांडी घातली, एका हातानं स्क्रू धरला, नजर मनगटावरच्या घड्याळावर.

"ताई, वाक आता. सावकाश. घाई नाही."

मिनिटाला एक फेरा. शनी जागचा हलला नाही. आत्यानं डोळा आणखी जवळ नेला.

"दिसली रे! खरंच कडी आहेत!"

ती उठेचना. बाबांची मान आखडली, जेवण पार गार झालं, तरी फेरा चुकला नाही. दुर्बिण्याला बाबांशी खूप काही बोलायचं होतं. तोंडून निघालं, "बाबा, पाणी आणू?"

"आधी ओव्हन नीट कर."

पण खेचताना मोटरचे दातेच मोडले ना! तेव्हापासून रोज जेवणाआधी दुर्बिण्या ओव्हनचं दार उघडतो, ताटली पाव फेरा फिरवतो, दार लावतो. मागे बाबा, घड्याळ धरून: "हं, फिरव!" आणि हा खुशीत फिरवतोय! नवी मोटर आणायचं नावच काढत नाही.

सांग, तू असतास तर आणली असतीस?