गोवर्धनचं फुकटातलं लॉन

दुर्गेश्वरी कोहमाऱ्याहून बहिणीचं बाळंतपण आटोपून कुडव्याला परतली, फाटक उघडलं आणि हातातली पिशवी तशीच धरून उभी राहिली. अंगणात मोगरा असायला हवा होता, कडेला गुलाब आणि मधे थोडी हिरवळ. हिरवळ होती. चांगली पोटरीला लागत होती आणि तिच्या बुडाशी पाणी तुंबलं होतं.

"कसं वाटते लॉन?" गोवर्धननं दारातूनच विचारलं.

"हे लॉन होय?"

"मंग?"

"पऱ्हे होय हे! धानाचे पऱ्हे! मले शिकवून राहिले?"

तिला शिकवायला जाणं हा खरोखरच मूर्खपणा होता. लग्न होऊन केशोरीला आल्यापासून दर पावसाळ्यात तिनं हीच कोवळी रोपं उपटून, त्यांच्या पेंड्या बांधून, चिखलात वाकून रोवली होती. पुढे शेत ठेक्यानं दिलं, कुडव्यात हार्डवेअरचं दुकान टाकलं, मागे घर बांधलं, तेव्हा तिनं नवऱ्याला बजावलं होतं की यापुढे आपण चिखलात पाय घालणार नाही. अंगणात फुलझाडं लावायची. खायच्या कामाचं काहीही नको, नुसती फुलं. इतकं साधं मागणं या गृहस्थानं कसं नासवलं, ते सांगताना सांगणाऱ्याचंही डोकं फिरतं.

खर्च कमी ठेवायचा हे दोघांचं ठरलेलंच होतं. पण नर्सरीवाल्यानं मातीचा भाव सांगताच गोवर्धन भडकला. "मातीले पैसे? केशोरीत आपली धानाची अख्खी बांधी आहे!" बायको बहिणीकडे गेली आणि त्यानं रिकाम्या परतणाऱ्या एका ट्रॅक्टरमधून शेतातली माती मागवली. तीही नेमकी खळ्याजवळच्या कोपऱ्यातली, जिथे मळणीच्या वेळी सांडलेला धान मातीत मिसळून पडलेला असतो. मोगऱ्याची रोपं आणि गुलाबाच्या काड्या त्यानं ओळखीपाळखीतून मागून आणल्या. बाग झाली, खिशाला तोशीस नाही, म्हणून स्वारी खूश होती.

मग पाऊस लागला आणि अंगणातलं पाणी रस्त्याकडे वाहू लागलं. फुलझाडं लावणारा माणूस अशा वेळी पाण्याला वाट करून देतो. पण धानवाल्याच्या घरात जन्मलेल्याला वाहून जाणारं पाणी बघवतच नाही. गोवर्धननं छत्री फेकली, फावडं घेतलं आणि भर पावसात अंगणाभोवती चारी बाजूंनी मातीची पाळ घातली. मोगरा कुजला, गुलाबाच्या काड्या काळ्या पडल्या. हिरवं तेवढं जोमात वर आलं. त्याला ते ओळखू आलं नाही असं मुळीच नाही. पण तोवर बायकोला फोनवर लॉनची बातमी देऊन झाली होती, आणि बोललेला शब्द मागे घेणं त्याच्या स्वभावात नव्हतं.

"उपटा," दुर्गेश्वरी म्हणाली.

"उपटतो ना. उद्या उपटतो."

"आत्ता!"

तो नाइलाजानं वाकला, तेवढ्यात त्याची आई अनुसयाबाई घरातून बाहेर आली. "खबरदार, गोवर्धन! उगवला धान फेकाचा नसते. पऱ्हे आले तं रोवा लागते."

"कुठं रोवू, माय? अंगण होय हे."

"पाळ तूनंच घातली ना? पानी आहे, चिखल आहे. बांधी अजून कशी रायते?"

कुंपणापलीकडे शेजारच्या सुशिलाबाई कधीच्या येऊन उभ्या होत्या. "रोवना करून राहिले का वहिनी?" त्यांनी उत्साहानं विचारलं. "आमाले बी बलवा. गाने म्हनू!"

गोवर्धनला ही तोड एकदम पटली. लॉनचं भांडण मिटत होतं आणि वर घरचा धान मिळणार होता. "मायचं खरं आहे," तो बायकोला म्हणाला. "आन तुया हाताले तं सवयच आहे."

आता हे वाक्य बोलायची काही गरज होती का? नव्हती. पण तो बोलला.

दुर्गेश्वरीनं पिशवी खाली आपटली. "सवय? अंगात ताप होता तवा रोवलं, लेकरू झोळीत रडून राहिलं तवा रोवलं, त्याले तुमी सवय म्हनता? जनमभरात एक मोगरा मांगतला मी. एक! त्याच्यात बी तुमी धान उगवला!"

तिचा आवाज शेवटी फाटला. सुशिलाबाईंचा उत्साह मावळला. गोवर्धन मात्र अजूनही हिशेबातच होता.

"मंग रोवन कोन? मानसं नाही रोवत. बायाचं काम होय ते."

"कोनं सांगतलं?"

ती पाळीवर बसली, हाताला येतील तेवढी रोपं खसाखसा उपटली, पेंडी बांधली आणि त्याच्या पुढ्यात फेकली. चिखल थेट त्याच्या पांढऱ्या पायजम्यावर उडाला. "रोवा."

गल्लीतली चार माणसं जमली होती. आता माघार घ्यायची म्हणजे नाक कापलं जायचं. सिमेंटची पोती उचलणाऱ्या माणसाला याचं काय, असं मनाशी म्हणत गोवर्धननं पायजमा दुमडला आणि तो चिखलात उतरला. पहिली ओळ वाकडी गेली. दुर्गेश्वरीनं ती उपटायला लावली. दुसऱ्या ओळीला त्यानं उठून कमरेवर हात ठेवला.

"वाकूनच राहा! आमाले उठू देत होते का?"

थोड्या वेळानं त्याला उठायचं झालं, तर कंबर सरळच होईना. तो तसाच अर्धा वाकलेला राहिला. तोंडावरचा ताठा पार उतरला होता.

"दुर्गेश्वरी," तो हळूच म्हणाला, "तुमी बाया दिवसभर कशा करत होत्या वं हे?"

"आता इचारता?" तिचे डोळे भरून आले होते, पण आवाज खणखणीत होता. "शेताच्या कोरड्या धुऱ्यावर छत्री घेऊन 'हात चालवा, हात चालवा' म्हनत उभे राहत होते ना, तवा इचाराचं होतं!"

गोवर्धननं केविलवाण्या नजरेनं आईकडे पाहिलं. आता तीच सोडवील अशी त्याची खात्री होती. अनुसयाबाईनं लुगडं सावरलं आणि ती सुनेच्या शेजारी पाळीवर येऊन बसली.

"तुया बाप बी असाच धुऱ्यावर उभा राहे," ती म्हणाली. "चाल, हात चालव."