कडीचे तीस दिवस

बाथरूमची कडी तुटली ती महिन्याच्या दुसऱ्या तारखेला, म्हणजे घराची तिजोरी खजिनदारबाईंच्या हाती येऊन पुरता एक दिवस झाला असताना.

खजिनदारबाई दहावीत होत्या. बाबांना कुठेही 'सवलत' अशी पाटी दिसली की त्यांचा हात आपोआप खिशात जायचा, म्हणून तिने पैज लावली होती. एक महिना घरखर्च तिच्या हाती. महिनाअखेर दोन हजार उरले, तर दरमहा तेवढीच रक्कम तिच्या नावाने म्युच्युअल फंडात. नाही उरले, तर पाकीट परत बाबांकडे आणि तिने पुन्हा ब्र काढायचा नाही.

नियम एकच होता. अन्न आणि औषध सोडून काहीही हवं असेल, तर फ्रिजवरच्या यादीत तारखेसह लिहायचं आणि तीस दिवस थांबायचं. तीस दिवसांनीही हवंसं वाटलं, तरच घ्यायचं.

"अगं, कडी ही काय हौसेची वस्तू आहे का?" आई म्हणाली.

"नियम म्हणजे नियम," ती म्हणाली आणि तिने झोकात लिहिलं : कडी, दोन तारीख.

मग आत कुणी आहे हे बाहेरच्याला कळावं म्हणून प्रत्येकाने आपापली युक्ती काढली. बाबा गाऊ लागले. आई बादलीवर तांब्या बडवू लागली. आजोबा खोकू लागले, तेही इतकं मनापासून, की खालच्या मजल्यावरच्या काकू काढा घेऊन वर आल्या. आठवड्याभरात बादलीला चीर गेली. यादीत बादली चढली.

त्यात आत्या चार दिवस राहायला आली. तिला हे सांगायचं प्रत्येकाने दुसऱ्यावर सोडलं होतं. सकाळी बाबांनी बेधडक दार ढकललं, आतून किंकाळी आली आणि पाठोपाठ साबणदाणी. बाबा वाचले, साबणदाणी फुटली.

"माझ्या सख्ख्या भावाच्या घरी ही तऱ्हा!" म्हणत आत्या दुपारीच बॅग भरून निघाली. यादीत साबणदाणी चढली.

खजिनदारबाई मात्र ढिम्म हलल्या नाहीत. फक्त किरकोळ खर्चाने तिच्या नाकी नऊ आले होते. बाबांची गाडी पंक्चर झाली, गेले नव्वद. आजोबांना खोकल्याचं औषध लागलं, नव्वद. टोमॅटो कडाडले म्हणून आईने जास्तीचे मागितले, तेही नव्वद. अठ्ठावीस तारखेला डब्यात अठराशे तीस होते आणि खर्चाचे दोन दिवस बाकी होते.

त्याच सकाळी ती डोळ्यांत शाम्पू आणि एक पाय दाराला लावून अंघोळ करत होती. पाय सटकला आणि कपाळ नळावर आपटलं. टेंगूळ बघून तिने ठरवलं, नुसता भाव विचारायला काय हरकत आहे?

हार्डवेअरवाले काका म्हणाले, "कडी ना? नव्वद. पण काय गं, तुमच्या घरात दारं आहेत तरी किती?"

"म्हणजे?"

"बाबा घेऊन गेले, आजोबा घेऊन गेले, आणि आई तर म्हणाली, पोरीला सांगू नका..." काकांनी जीभ चावली.

पंक्चर, खोकला, टोमॅटो! ती तडक घरी आली. "तिघांनीही आपापल्या कड्या बाहेर काढा."

बाबांची कडी जुन्या बुटातून निघाली, आजोबांची उशीखालून, आईची पिठाच्या डब्यातून. तिन्ही पाकीटबंद.

"मग लावली का नाही कुणी?" ती ओरडली.

आजोबा पुटपुटले, "लावणारच होतो पोरी. पण तू रोज उठून त्या यादीवर एकेक दिवस खोडायचीस. धीरच होईना."

रडायला वेळ नव्हता. पिठातली कडी तिने झटकली आणि दोन कड्या दुकानात परत देऊन एकशे ऐंशी वसूल केले. दोन हजार दहा! उरलेले दोन दिवस घरात आहे त्यावर भागवायचं ठरलं. तिसरी कडी ती स्वतः लावणार होती, मजुरी कोण देतो? स्क्रू ड्रायव्हर घेऊन ती आत शिरली, सगळं बळ एकवटून चारही स्क्रू आवळले आणि ऐटीत कडी घातली.

कडी बसली. अशी बसली, की निघेना.

"सुताराला बोलावतो," बाहेरून बाबा म्हणाले. "नुसते यायचेच तीनशे घेतो."

"खबरदार! दोन हजाराला हात लावायचा नाही!"

"सुतार अन्नात बसतो का?" आजोबांनी विचारलं.

"औषधातही नाही," बाबा म्हणाले.

"अहो, पोरगी अडकलीय आणि तुम्हाला थट्टा सुचते!" आई कडाडली. मग जरा थांबून म्हणाली, "जेवण दाराखालून सरकवता येईल का गं?"

स्क्रू ज्या निश्चयाने आवळले गेले होते, त्याच निश्चयाने आता निघायला नकार देत होते. पहिल्याला दहा मिनिटं लागली. दुसऱ्याला तळहाताची साल गेली. पाऊण तासाने दार उघडलं आणि खजिनदारबाई घामाने निथळत, कडी हातात घेऊन बाहेर आल्या.

"दोन हजार दहा," ती म्हणाली.

बाबांनी पेन काढलं आणि फंडाच्या अर्जावर पालकाची सही केली. तिने ती दोनदा वाचली.

"आता महिना संपला की पहिल्याच दिवशी सुतार बोलवायचा," ती टेंगूळ चोळत म्हणाली. "कडी नीट बसवून हवी."

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाबांनी फ्रिजकडे बोट दाखवलं. यादीत सगळ्यात खाली बाबांच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं : सुतार, अठ्ठावीस तारीख. पुढे तिघांच्या सह्या.

तिने बोटांवर हिशेब केला, पुन्हा केला.

"पण काय हो," ती हळूच म्हणाली, "तीस म्हणजे जरा जास्तच होतात, नाही का?"