सरगूर-स्वारी व बहकलेली सुई

श्रीवरुणदेवतेचे चरणी मस्तक ठेवून, म्हैसूर शहरी, जेथे पन्नास कोसांत दर्याचे नाव नाही, तेथील दर्यासारंगांची हकीकत जैसी घडली तैसी लिहिली ऐसीजे.

राजश्री नागोजीराव, वस्ती अग्रहार, तीस वर्षे जहाजांचे सुकाणू राखून निवृत्त जाहले. त्यांचे धाकटे बंधू दामोदरराव सरगुरी शेती करून राहत. उभयतांत बारा वर्षे अबोला. ऐशात दामोदररावांची कन्या पवित्राबाई इचा साखरपुडा नेमिला आणि निरोप आला, की अकराचे आत थोरले काका न आल्यास संबंध तुटला जाणावा.

मग सकाळी आठास नागोजीरावसाहेब व त्यांच्या पत्नी गिरिजाबाईसाहेब मोटारीतून कूच जाहले. कडकोळापुढे हमरस्ता खोदलेला, म्हणोन आडवाटेस लागले आणि मोबाइलची रेंज गेली. रावसाहेबीं तात्काळ होकायंत्र बाईसाहेबांपुढे मांडिले आणि कागदी नकाशावर पट्टी धरून सरगुराची दिशा मापिली, ती दोनशे चौतीस अंश. चुंबकाची उत्तर खऱ्या उत्तरेहून दीड अंश पश्चिमेस सरते, सबब दीड मिळवून दोनशे साडेपस्तीस धरिले आणि हुकूम केला, की सुई सांगेल तिकडेच स्वारी जाईल.

दोन कोस गेल्यावर बाईसाहेबीं अर्ज केला, "अहो, सरगूरला जाताना सकाळचं ऊन पाठीवर हवं की. माझ्या डाव्या गालावर कसं?"

रावसाहेबीं फर्माविले, की यंत्र खोटे बोलत नाही.

"यंत्र नसेल बोलत. सुम्मने, मुकाट्यानं गाडी थांबवा बघू."

गाडी थांबली आणि रावसाहेबांची नजर बाईसाहेबांचे मांडीवर गेली. तेथे यंत्रास खेटून, पवित्राबाईस आहेर म्हणोन घेतलेला, बिडाचा थोरला दोसेतवा. लोखंड जवळ असता सुई बहकते, हा पाठ तीस वर्षे ज्यांनी खलाशांस दटावून पढविला, त्यांचा चेहरा उतरला. मग तवा डिकीत रवाना जाहला, आणि सुई पन्नास अंश फिरून ठिकाणी आली.

"चूक माझी," रावसाहेब हळूच वदले. बाईसाहेबीं लग्नापासून हे शब्द प्रथमच ऐकिले, परंतु मोठ्या मनाने खिडकीबाहेर पाहिले.

अकरास दहा मिनिटे असता स्वारी सरगुरी दाखल. दारात दामोदरराव उभे.

"वाट चुकलो होतो, दामू."

"बारा वर्षं?"

"हो."

दामोदररावांनी मोटारीचा दरवाजा स्वहस्ते उघडिला आणि आत वर्दी दिली, की दादा आले, आता मुहूर्त धरा. येणेप्रमाणे मोहीम फत्ते जाहली. दोन कोस जादा पडले, ते माफ.