कार्मिनकाकूंची लसणाची वेणी

"...कार्मिनकडे रिपोर्ट आला म्हणे. हार्टमध्ये ब्लॉकेज. डॉक्टर बोलला, जास्तीत जास्त..."

एवढंच. पुढचं माझ्या कानापर्यंत पोचलंच नाही, कारण बोलणाऱ्या दोघींनी मला पाहिलं. सकाळचे साडेसहा, पाववाल्याची सायकल आमच्या गेटपाशी, आणि मी चार पाव घ्यायला खाली उतरलेलो. मला बघितलं की बायका बोलणं थांबवतात, ही आमच्या गिरीज गावातली जुनी पद्धत आहे. (माझी बायको लतिका म्हणते, पद्धत गावची नाही, माझ्यासाठी खास काढलेली आहे.)

शहाणा माणूस अशा वेळी पाव घेऊन घरी जातो. पण मी तेवीस वर्षं शाळेच्या ऑफिसात क्लार्क आहे. अर्धवट भरलेला फॉर्म मला बघवत नाही. 'जास्तीत जास्त'च्या पुढची रिकामी जागा मी जिना चढता चढताच भरून टाकली: सहा महिने.

कार्मिनकाकू आणि व्हॅलेरियनकाका म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या भिंतीपलीकडची वाडी. दोघंही सत्तरीच्या पुढची, मुलं लांब. केळी, माड, थोडी भाजी, आणि विहिरीजवळ एक वाफा फक्त लसणाचा. बाजारचा लसूण आपल्या खाऱ्या हवेत गड्डा धरत नाही, काकूंचा धरतो. बारीक पाकळी, गुलाबी साल, आणि तिखट असा की कालवणात चार पाकळ्या ठेचून टाकल्या की आमच्या तिसऱ्या मजल्याला भूक लागते. हे बियाणं काकूंना सासूने दिलं, सासूला तिच्या सासूने. दर फेब्रुवारीत लसूण काढायचा, त्यातले चांगले गड्डे निवडून त्यांची वेणी घालायची, ती मागच्या पडवीत चुलीच्या धुरावर टांगायची, आणि नोव्हेंबरात मृतांचा दिवस झाला, कबरींवर मेणबत्त्या लावून आलं, की दुसऱ्या दिवशी त्याच वेणीतल्या पाकळ्या वाफ्यात लावायच्या. एक वर्ष चुकलं की संपलं सगळं.

आमचा वेदांत लहानपणी कफाने घुरघुरायचा, तेव्हा काकू भिंतीवरून वाटी द्यायच्या. तिळाच्या तेलात लसूण आणि ओवा कढवलेला. छातीला, तळपायाला चोळायचा. पोरगा सकाळी उठून खेळायचा. अशा बाईला सहा महिने? (ते मीच दिले होते, हे मी तोवर विसरलो होतो.)

"अहो, त्यांनाच जाऊन विचारा ना," लतिका म्हणाली.

"असं कसं विचारणार? काकू, तुम्ही अजून किती दिवस आहात?"

"मग गप्प बसा."

हा सल्ला मला लग्नापासून मिळतो आहे. वापरायची वेळ अजून आलेली नाही.

मी गप्प बसलो नाही, पण बोंबही मारली नाही. फक्त चौघांना सांगितलं, आणि चौघांनाही 'कुणाला सांगू नका' असं बजावलं. त्याच दिवशी व्हॉट्सॲपवर एक व्हिडिओ आला. (देव असा वेळेवर व्हिडिओ पाठवतो, आणि आपण म्हणतो देव नाही.) लसूण सोलायचा, ठेचायचा, मधात बुडवायचा, रोज सकाळी उपाशीपोटी एक चमचा. एकवीस दिवसांत नस मोकळी. मात्र लसूण गावठी हवा, बाजारचा चालत नाही. गावठी लसूण भिंतीपलीकडे टांगलेला होता.

काकू मार्केटला गेलेल्या बघून मी वाडीत शिरलो. काका केळींना पाणी सोडत होते.

"काका, मन घट्ट करा."

"कोण गेलं?"

"अजून कुणी नाही."

त्यांनी नळी खाली टाकली. मी सगळं सांगितलं. रिपोर्ट, ब्लॉकेज, आणि सहा महिने सुद्धा. (आकडा सांगितला की माणसाचा विश्वास बसतो.)

"पण रिपोर्ट तर माझा काढला होता," काका म्हणाले. "गेल्या आठवड्यात. ती घेऊन आली, म्हणाली नॉर्मल आहे."

"बघा! तुमचा नॉर्मल. तुमच्याबरोबर स्वतःचाही काढला असणार, आणि लपवला."

काकांनी विचार केला. मग हळूच म्हणाले, "तरीच. आठवडाभर माझ्याशी गोड बोलते आहे."

बेचाळीस वर्षांच्या संसारात एवढा पुरावा पुरतो. काका पडवीत गेले, स्टुलावर चढले, वेणी काढली आणि छातीशी धरून उभे राहिले.

"श्रीरंग, हे तिचं बियाणं आहे रे. पंधरा दिवसांत लावायचं आहे."

"काका, माणूस मोठा की बियाणं?"

हे वाक्य मी बोललो. आजही रात्री कूस बदलताना ते मला पाठीत टोचतं. काकांनी वेणी माझ्या हातात दिली आणि दुसरीकडे बघून म्हणाले, "तीच नसेल तर लावणार कोण?"

तो लसूण सोलायला मला दोन संध्याकाळी लागल्या. पाकळ्या एवढ्याशा आणि साल अंगाला चिकटलेली. बोटं अशी पोळली की ऑफिसात तीन दिवस मी पेन पेन्सिलीने ढकलून सरकवत होतो. लतिकाने उशी उचलली आणि वेदांतच्या खोलीत गेली. वेदांतने उशी उचलली आणि मित्राकडे गेला. पण बरणी अशी झाली होती की दुकानात मांडावी. काकांनी ती काकूंपुढे ठेवली, "श्रीरंगने टॉनिक आणलंय" म्हणून.

दोन दिवसांनी काकूंनी भिंतीवरून मलाच हाक मारली. डोळे ओले. "श्रीरंग, तू गावभर तोंड घालतोस म्हणून मी तुला काय काय बोलले असेन. पण तुझं काळीज मोठं आहे बाबा. लसूण वाटतो आहे त्यात. औषधाचा, नाही का?"

"औषधाचाच, काकू."

"मी ह्यांनाही देते रोज चमचा. ह्यांना नको म्हणायला जमत नाही."

मला गहिवरून आलं. स्वतः मरणाच्या दारात, आणि नवऱ्याला टॉनिक भरवते! तिकडे काका मला म्हणाले, "मी घेतल्याशिवाय ती घेतच नाही. तिने घ्यावं म्हणून मी दोन चमचे गिळतो." असं दोघं एकमेकांना भरवत होते, एकमेकांकडे बघून डोळे पुसत होते, आणि डोळे मायेने भरून येतात की लसणाने हे सांगता येऊ नये, इतका दोघांच्याही तोंडाला वास येत होता. मध्ये एकदा दाढी करताना काकांची हनुवटी कापली तर रक्त तासभर थांबेना. तुरटी लावली, कॉफीची पावडर लावली, शेवटी टॉवेल बांधून बसले. "रक्त मोकळं व्हायला लागलं," मी म्हणालो. "गुण येतो आहे."

बाराव्या दिवशी बरणी संपली.

मृतांच्या दिवसाच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी सात वाजता, भिंतीपलीकडून ओरडणं ऐकू आलं. काकू माझ्याशी नेहमी शाळेतल्या मराठीत बोलतात. राग अनावर झाला की घरच्या बोलीत जातात, आणि ती बोली मला बावीस वर्षांत आलेली नाही. त्या दिवशी मी पडवीत जाऊन उभा राहिलो तेव्हा काकू रिकाम्या खुंटीखाली उभ्या होत्या. वेणी टॉनिकात गेली, एवढं त्यांनी काकांकडून काढून घेतलं होतं. मग पाच मिनिटं त्या घरच्या बोलीत बोलल्या. श्वास घ्यायला थांबल्या तेव्हा काकांनी माझ्यासाठी भाषांतर केलं.

"ती म्हणते, तुझं जरा चुकलं."

"जरा?" काकू शाळेच्या मराठीत परतल्या. "माझं बियाणं मलाच खायला घातलंस? सासू मरताना अंगावरचं सोनं मोठ्या नणंदेला देऊन गेली, मला ही वेणी दिली. मी म्हटलं, चालेल. सोनं एकदाच देतात, हे दर वर्षी येईल. आता काय लावू? तुला लावू?"

वाफा तयार होता. शेणखत घातलेला, पाणी शिंपडलेला, बोटांनी ओळी पाडलेल्या. मला त्याच्याकडे बघवेना म्हणून मी चपलांकडे बघत राहिलो.

"काकू, गावात आणखी कुणाकडे तरी असेल."

"अर्ध्या गावाला दिलं मी. चटणी करून खाल्लं सगळ्यांनी. लावलं कुणीच नाही." मग भिंतीला सांगितल्यासारखं, "एलिसाकडे असेल. सासूने वेणीचे दोन भाग केले होते."

एलिसा म्हणजे काकूंची धाकटी जाऊ. चर्चच्या पलीकडे राहते. एका फणसावरून दोघींचं अकरा वर्षं बोलणं बंद आहे. रविवारी चर्चमध्ये मिस्साला सुद्धा एक डावीकडच्या बाकावर, एक उजवीकडच्या. काकूंनी तिचं नाव तोंडातून काढलं, यावरून बियाण्याची किंमत काय ती मला कळली.

"मी जातो," मी म्हणालो.

"तूच जा. तूच संपवलंस."

एलिसाकाकूंनी मला ओट्यावर बसवलं, पाणी दिलं, सगळं ऐकून घेतलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा पडत गेला.

"कार्मिनने पाठवलं तुला? स्वतःहून माझं नाव घेतलं?"

"स्वतःहून. पाच-सहा गड्डे दिलेत तरी चालतील."

त्या आत गेल्या आणि बरणी घेऊन आल्या. मध, आणि मधात ठेचलेला लसूण.

"तिला हार्टचं झालंय असं ऐकलं," त्या म्हणाल्या. "कितीतरी रात्री झोपले नाही. म्हटलं, एका फणसासाठी किती दिवस धरून बसायचं? मरायच्या आधी एकदा दाराशी जावं. हात हलवत कशी जाणार? म्हणून होतं नव्हतं ते सगळं बियाणं सोललं. तेरा गड्डे. परवा घालून ठेवलंय. आज-उद्या जाणारच होते."

"तुम्हाला कुणी सांगितलं?" मी विचारलं.

"तूच की रे. नाक्यावर मासळीवालीला सांगत होतास, कुणाला सांगू नको म्हणून. मी मागेच बोंबील निवडत होते."

बरणी घेऊन मी चालत परत आलो. रिक्षा थांबली होती, पण मला पोचायची घाई नव्हती. एलिसाकाकूही मागून आल्या, दहा पावलं अंतर ठेवून, जणू आमची ओळखच नाही.

काकूंनी झाकण उघडलं, वास घेतला. विचारावं लागलंच नाही.

"सगळं?"

"सगळं," एलिसाकाकू दारातूनच म्हणाल्या.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. अकरा वर्षांनी बोललेला पहिला शब्द असा एकच, आणि तोही लसणाबद्दल. कार्मिनकाकू पडवीच्या पायरीवर बसल्या. शेजारी थोडी जागा सरकवली. एलिसाकाकू बसल्या. आणि नेमकी अशा वेळी व्हॅलेरियनकाकांना समजूत घालायची हुक्की आली.

"झालं ते झालं, कार्मिन. आता केलंच आहे तर खाऊन टाक. तुझ्या हार्टला तेवढंच..."

"माझ्या हार्टला काय धाड भरली आहे?"

काकांनी माझ्याकडे बघितलं. मी माडाकडे बघितलं.

"तुझा रिपोर्ट," काका म्हणाले. "सहा महिने."

"माझा रिपोर्ट? रिपोर्ट तुमचा आहे!" काकूंच्या तोंडून निघून गेलं, आणि मग तोंडावर हात ठेवून उपयोग नव्हता. "एक नस. चाळीस टक्के. डॉक्टर बोलला, काही कापायचं नाही, जास्तीत जास्त दोन गोळ्या, रोज. तुम्ही घाबरून अर्धे व्हाल म्हणून मी ॲसिडिटीच्या सांगून देते. सहा महिने कोण बोललं?"

सगळे एकाच दिशेला बघत होते, तेवढं पुरलं.

दुपारी काकूंनी डॉक्टरला फोन लावला. गोळ्यांपैकी एक रक्त पातळ करायची. तिच्यावर रोज दोन-तीन चमचे कच्चा लसूण म्हणजे काय, हे डॉक्टरांनी इतक्या मोठ्याने सांगितलं की मला भिंतीअलीकडे ऐकू आलं. लसूण फक्त कालवणात असेल तेवढाच. म्हणजे हनुवटीला गुण येत नव्हता.

तर बातमी तशी खोटी नव्हती. ब्लॉकेज खरं. घर खरं. माणूस चुकला आणि सहा महिने माझ्या पदरचे. पण काकांना आता कोण पटवणार? पूर्वी ते विहिरीपाशी बसून बिडी ओढायचे. आता तिथेच बसून मनगटावर बोट ठेवतात आणि ओठ हलवत ठोके मोजतात. मला बघितलं की मोजणी चुकते, मग पहिल्यापासून सुरू करतात.

वाफा काकूंनी माझ्या हवाली केला. "तू रिकामा केलास, तूच भर." मी तुळिंजच्या बाजारातून अर्धा किलो लसूण आणला, नेटवर बघून टोक वर ठेवून लावला, रोज ऑफिसला जाण्याआधी पाणी घातलं. आणि खरं सांगतो, काय उगवला! डिसेंबरात वीतभर, जानेवारीत गुडघ्याएवढी हिरवीगार पात, वाऱ्यावर अशी डोलायची की येणारे-जाणारे थांबून बघायचे. मी लतिकाला आणून दाखवलं. मोबाइलवर फोटो काढले. ऑफिसात पाठवले.

फेब्रुवारीत काढणीच्या दिवशी दोघी जावा पायरीवर बसून होत्या. आता रोज बसतात. मी पहिलं रोप धरलं, जोर लावून उपटलं आणि मागे पडलो. जोराची गरजच नव्हती. खाली चार पांढरी मुळं. दुसरं उपटलं, तिसरं उपटलं, ओळ उपटली. सगळीकडे तेच.

एलिसाकाकूंनी एक रोप हातात घेऊन उलटंसुलटं केलं आणि घरच्या बोलीत जावेला काहीतरी म्हणाल्या. दोघी इतक्या हसल्या की कार्मिनकाकूंना पदराने डोळे पुसावे लागले.

"काका, काय म्हणाल्या?" मी विचारलं.

काकांनी मनगटावरचं बोट काढलं, जरा शब्द शोधले. पण या वेळी काकूंनीच शाळेतल्या मराठीत सांगितलं, मला नीट कळावं म्हणून.

"ती म्हणते, अगदी लावणाऱ्यावर गेलाय. वर नुसती हलणारी पात, खाली गड्डाच नाही."